लोखंडाचं लिव्हर

"मिस्त्री, गिअर पडत नाही."

तळासरी नाक्यावरच्या माझ्या गॅरेजात दिवसाची सुरुवात बहुतेक वेळा याच वाक्याने व्हायची. माणूस अजून गाडीवरून उतरलेलाही नसायचा. मी विचारायचो, "पडत नाही, की जोरात पडतो?" तो म्हणायचा, "तेच ते." तेच ते नसतं. डॉक्टरकडे जाऊन 'पोट दुखतं की डोकं, तेच ते' असं कोणी म्हणतं का? पण गाडीच्या बाबतीत म्हणतात, आणि वर घाई असते.

दोन हजार एकोणीसला मी गॅरेज बंद केलं. गुडघे उकिडवं बसायला नाही म्हणू लागले, आणि उकिडवं बसता येत नाही तो मोटारसायकलचा मिस्त्री कसला? आमचं घर डहाणूकडचं, चिकूच्या वाडीचं. भावांनी वाडी धरली, मी पाना धरला, आणि घरच्यांच्या मते तिथेच माझं वाटोळं झालं. मला तसं वाटत नाही. मी तापट आहे हे मात्र आधीच सांगतो. ते माहीत असल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडी न उघडलेल्या माणसासाठी क्लच म्हणजे काय ते सांगतो. इंजिन चालू असलं की फिरतच असतं. चाकाला मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. या दोघांची मधूनमधून फारकत करावी लागते, ती क्लच करतो. आत पातळ चकत्यांची एक चळत असते, त्यांना आम्ही प्लेटा म्हणतो. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात, तेव्हा इंजिनाचा जोर चाकाकडे जातो. डाव्या हाताने लिव्हर ओढलं की केबल खेचली जाते, प्लेटा सुट्या होतात, आणि तेवढ्या वेळात पायाने गिअर टाकायचा. प्लेटा नीट सुट्या झाल्या नाहीत तर गिअर खाडकन पडतो, गाडी हिसका मारते, न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. प्लेटा नीट चिकटल्या नाहीत तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. सगळ्या तक्रारी या दोनांतच येतात. बाकी जे काही लोक सांगतात ते कोणी सांगितलं, कुठे सांगितलं आणि किती खर्च आला, एवढंच असतं.

बोर्डीकडचे एक वाडीवाले होते, वामनराव. मोठी चिकूची वाडी, दारात नवी कार. एकदा त्यांची मोटारसायकल टेम्पोत घालून आणली. म्हणाले, "नुसती ओरडते रे, पुढे जात नाही. परवाच स्वतः ऑइल बदललं मी."

"कुठलं घातलं?"

"कारचं उरलं होतं. महागाचं आहे. म्हटलं, तिलाही जरा चांगलंचुंगलं."

आता कारचा क्लच कोरडा असतो आणि मोटारसायकलच्या प्लेटा इंजिनाच्याच ऑइलात भिजत असतात. कारच्या त्या महागड्या ऑइलात निसरडेपणा जास्त. प्लेटा एकमेकींवरून घसरायला लागल्या. मी म्हटलं, "वामनराव, लाड केलेत आणि लाडानेच बसली ती." ते रागावले, मग हसले. पण नाक्यावर पुढे वर्षभर लोक त्यांना ऑइलाचा भाव विचारत राहिले, कारण ही गोष्ट मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितली होती. माझं गॅरेज आणि टपरी यांच्यामध्ये फक्त एक कडप्प्याची फळी होती. फळीच्या अलीकडे मी गाडी उघडायचो आणि पलीकडे गाडीची गोष्ट उघडायचो. त्यात काही चुकीचं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

माझी काम करायची एक पद्धत होती. गिऱ्हाईक तक्रार सांगायचं, मी किल्ली घ्यायचो आणि हायवेच्या बाजूच्या रस्त्याने एक चक्कर मारून यायचो. गिऱ्हाइकाने टपरीवर बसायचं. गाडी माझ्या हाताला काय बोलते तेच खरं. इंजिन लबाडी करत नाही, गिऱ्हाईक करतं, हे मी माझ्या उस्तादाकडून शिकलो होतो आणि वीसेक वर्षं त्याच्यावर चाललो होतो.

दोन हजार पंधराच्या सुमारास रूपजी पहिल्यांदा आला. वेवजीच्या एका पाड्यावरचा, तिशीतला, अंगाने काटक. उंबरगाव बाजूच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला होता. जुनी शंभर सीसीची गाडी घेतली होती. डाव्या हातात पांढरा सुती हातमोजा, उजवा हात उघडा. कारखान्यातली पोरं गॉगल लावतात, केस रंगवतात, तशीच ही एक फॅशन असेल असं मला वाटलं.

"मिस्त्री, गिअर खूप जोरात पडतो. पहिल्याला तर गाडी उडीच मारते."

मी चक्कर मारली. गिअर जरा कडक होता. क्लच उघडला तर प्लेटा जळून काळ्या पडलेल्या. हे अर्ध्या क्लचवर गाडी चालवणाऱ्याचं लक्षण. म्हणजे लिव्हर पूर्ण सोडायचंही नाही आणि पूर्ण ओढायचंही नाही, मधेच धरून ठेवायचं. प्लेटा घासत राहतात आणि जळतात. मी नव्या प्लेटा टाकल्या, केबल बदलली, आणि त्याला क्लच कसा वापरावा यावर व्याख्यान दिलं. तो "हां मिस्त्री, हां मिस्त्री" म्हणत ऐकत राहिला.

तीन महिन्यांत परत आला. तीच तक्रार. मी चक्कर मारली तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. टपरीवर सातआठ जण बसले होते, त्यांतले दोघे त्याच्याच कारखान्यातले. मी सगळ्यांसमोर किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "गाडीत काही नाही. बिघाड चालवणाऱ्यात आहे. आधी सायकल शीक, मग हिच्यावर बस."

टपरी हसली. रूपजीही हसला. म्हणाला, "होय मिस्त्री, माझंच चुकतं."

एवढ्या सहज कोणी चूक कबूल करत नाही. मिस्त्रीने चालवणाऱ्याला नावं ठेवली की गिऱ्हाईक भांडतं, निदान तोंड पाडतं. हा हसला तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. उलट मी खूश झालो की बरोबर ओळखलं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मागे त्याची बायको होती, सोनी. तिच्या कोपराला पट्टी. वळणावर गाडी थांबवून पहिला गिअर टाकताना गाडीने हिसका मारला आणि ती मागच्या मागे पडली होती. मला आणखीच राग आला. म्हटलं, "बायकोला मारशील एक दिवस. ही गाडी माझ्याकडे परत आणू नकोस."

रूपजी गाडी वळवायला लागला. सोनी बोलली. आवाज न चढवता, पण माझ्या डोळ्यांत बघून.

"मिस्त्री, तुमच्या हातात गाडी बरी चालते, ते मला पण दिसतं. एक वेळ याला चालवू द्या आणि तुम्ही मागं बसा."

वीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून बसलो. सोनी टपरीच्या बाकावर थांबली.

नाक्यातून निघालो. मी त्याच्या खांद्यावरून डाव्या हाताकडे बघत होतो. पहिला गिअर टाकताना त्याने लिव्हर ओढलं, आणि हातमोज्याची पहिली दोन बोटं सरळच्या सरळ उभी राहिली. वाकली नाहीत. बाकीची दोन बोटं लिव्हरच्या टोकाशी झटत होती. लिव्हर जेमतेम अर्ध्यावर आलं आणि थरथरायला लागलं. खाडकन गिअर पडला. गाडीने हिसका मारला.

"थांबव," मी म्हटलं.

पुढे एका चिंचेखाली त्याने गाडी उभी केली. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याने हातमोजा काढला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून नव्हतं. हातमोज्याच्या त्या दोन बोटांत चिंध्या ठासून भरलेल्या होत्या.

आधीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनमध्ये बोटं गेली होती. त्यानंतर चार महिने घरी बसला. पाड्यावरचे बरेच जण मासेमारीच्या होड्यांवर खलाशी म्हणून जातात, तिथे विचारलं तर म्हणाले, दोर ओढायला बोटं लागतात. मग या ठेकेदाराकडे हातमोजा घालून उभा राहिला आणि काम मिळालं. पॅकिंगला सगळेच हातमोजे घालतात, त्यामुळे कोणाला कळलं नाही. जेवताना डावा हात मांडीखाली.

"ठेकेदाराला कळलं तर त्याच दिवशी घरी," तो म्हणाला. "आणि सातला गेट बंद होतं. त्या वेळेला पाड्यावरून दुसरं वाहन नाही. गाडी पायजेच, मिस्त्री."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्याकडं आमच्या कंपनीतली माणसं बसतात ना."

मी त्याला त्याच माणसांसमोर गाडी येत नाही म्हणून झापलं होतं. त्याने ते अंगावर घेतलं, कारण हात लपवायला ते सोयीचं होतं. मला लाज वाटली. मी म्हटलं, "चल. करतो काहीतरी." आणि हेही म्हटलं, की ही गोष्ट माझ्या तोंडून कुठे जाणार नाही.

ते "काहीतरी" करायला दहा दिवस लागले. उरलेली दोन बोटं लिव्हरच्या टोकाकडची, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, कडेला ढकललं तर हलकं जातं, तसंच लिव्हरचं. पण करंगळी आखूड, टोकापर्यंत पोचेना. म्हणून टोक आत वाकवायचं ठरवलं. ॲल्युमिनियमचं लिव्हर वाकवायला गेलं की तुटतं. एक तुटलं, दुसरंही तुटलं. शेजारी हसमुखभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांनी दोन्ही तुकडे बघितले आणि म्हणाले, "आ तो तूटी ज जशे, भाई. लोखंडाचा बनवू." मग पट्टी तापवून, ठोकून, कानशीने घासून त्यांनी लोखंडाचं लिव्हर बनवलं. हे कोणासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. तेवढी समज त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती.

लिव्हर मुठीच्या जवळ आणलं की ओढायला जागा कमी उरते. मुठीचं रबर त्या जागी घासून पातळ केलं. केबलमधला ढिलेपणा नखाइतकाच ठेवला. आतल्या स्प्रिंगा काढून जुन्यातल्या निवडून मऊ स्प्रिंगा टाकल्या. मऊ स्प्रिंगांचा तोटा असा की वजन जास्त झालं की क्लच सरकतो. त्याला बजावलं, "तिघं बसायचं नाही. विवळवेढ्याच्या जत्रेला जाल तेव्हा दोघंच, आणि सामान जीपमध्ये." आणि या वेळी मी चक्कर मारली नाही. पहिल्यापासून मागे बसलो. चिंचेपर्यंत जाऊन परत आलो, सगळे गिअर वर गेले आणि खाली आले, आणि एकाचाही आवाज आला नाही. गॅरेज आल्यावरही न थांबता रूपजीने आणखी एक फेरी मारली. आयुष्यात केलेल्या कामांतलं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच.

इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

महिना-दीड महिना गेला. दुपारची वेळ, टपरी भरलेली. टपरीवाल्याने मला डिवचलं, "काय मिस्त्री, तो वेवजीचा गिअरवाला हल्ली दिसत नाही. तीन वेळा गाडी आणूनही जमलं नाही म्हणे तुम्हाला. दुसरा मिस्त्री गाठला वाटतं त्याने."

सगळे हसले. मला दुसऱ्यांवर हसायची सवय होती, माझ्यावर हसलेलं सोसायची नव्हती. मी म्हटलं, "जमलं नाही? अरे, त्याला डाव्या हाताला दोनच बोटं आहेत. त्या दोन बोटांनी चालेल असा क्लच करून दिलाय मी. डहाणूपासून वापीपर्यंत दुसरा मिस्त्री दाखवा मला, हे करणारा."

बोलून झाल्यावर मला फळीपलीकडच्या एका माणसाच्या गळ्यातलं कार्ड दिसलं. त्याच कारखान्याचं. तो बशीतला चहा पीत होता. त्याने वर बघितलं, परत चहा प्यायला, उठून गेला. मी त्याच्यामागे जायला हवं होतं. बाबा रे, तोंडातून गेलं, पोटात ठेव, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मी मनात म्हटलं, त्याचं लक्ष नसेल. आणि पाना उचलला.

पुढच्या आठवड्यात मधल्याच वारी दुपारी बाराला रूपजी आला. हातात हातमोजा नव्हता.

"आज सुट्टी?" मी विचारलं. विचारतानाच कळलं होतं.

"सुट्टीच आता. ठेकेदारानं गेटवर हातमोजा काढायला सांगितला. चिंध्या खाली पडल्या. त्यानं उचलून परत दिल्या, वाईट नाही बोलला. म्हणाला, उद्या उरलेली बोटं गेली तर माझ्या गळ्यात येईल."

"रूपजी, मी बोललो. माझ्या तोंडून गेलं."

"हां," तो म्हणाला. "लिव्हर चांगलं झालंय ना. म्हणून बोलले असाल."

त्याने शिवी दिली असती तर मला सोसली असती. हे सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराकडे गेलो, हात जोडले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, काम दिलं नाही. तिथून वामनरावांकडे गेलो. ते म्हणाले, "काय, परत माझ्या ऑइलाची बदनामी करायला आलास?" मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी रूपजीला वाडीत रखवालीला आणि पाणी सोडायला ठेवलं. मी फक्त एवढं सांगितलं, की चिकूचे क्रेट त्याच्या गाडीवर लादू नका, क्लच सरकेल. त्यांनी कधी लादले नाहीत. पण वाडीतलं काम ते वाडीतलं काम. कारखान्यातल्या पगाराची सर त्याला नव्हती, आणि वेवजीहून बोर्डी रोजची. सोनी मला एकदा तळासरीच्या बाजारात भेटली. बोलली नीट, कोपर बरं आहे म्हणाली. त्या दिवशी मी तिच्याकडे फार वेळ बघू शकलो नाही.

त्यानंतर गॅरेजात दोन गोष्टी बदलल्या. चक्कर मारताना गिऱ्हाईक पुढे आणि मी मागे. लोकांना गंमत वाटायची, म्हातारा मिस्त्री डबलसीट फिरतो म्हणून. पण त्याने खूप काही कळलं. एक ग्रामसेवक फायलींची पिशवी क्लचच्या केबलवरच अडकवायचे, त्यामुळे केबल कायम ताणलेली. माझ्या चकरेला पिशवी टपरीवर राहायची, मग कळणार कसं? आणि दुसरी गोष्ट, फळीपलीकडे मी गप्प बसायला शिकलो. टपरीवाला म्हणायचा, मिस्त्रींची तब्येत बरी नाही वाटतं.

गॅरेज बंद करायच्या दोनएक महिने आधी रूपजी परत आला. खाली नवी गाडी, खिशात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. जुनी गाडी विकताना त्याने लिव्हर तेवढं काढून घेतलं होतं.

"हे बसवून द्या. बाकीचं पण तसंच."

आणि हळूच म्हणाला, "तळासरीतच एका नव्या ठिकाणी लागलोय. पॅकिंगला."

त्याच्या डाव्या हातात पांढरा हातमोजा होता. पाचही बोटं भरलेली.

मी बसवलं. रबर घासलं, स्प्रिंगा बदलल्या, मागे बसून चिंचेपर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा टपरीवर गर्दी होती. एक तरुण उठून गाडीभोवती फिरला. गळ्यात कार्ड. या वेळी मी ते आधी बघितलं.

"मिस्त्री, एवढ्या नव्या गाडीला हे काळं वाकडं लिव्हर कशाला?"

रूपजीने डावा हात खिशात घातला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"माझ्या हातून तुटलं रे," मी म्हटलं. "केबल टाकताना ओरिजिनल तुटलं. आता हेच होतं माझ्याकडे, जुनं. सरळ करायला बघितलं, मला काही जमलं नाही."

"लिव्हर तोडलंत? मिस्त्री, हात थरथरायला लागले वाटतं तुमचे."

टपरी हसली. कोणीतरी म्हणालं, आता दुसरा मिस्त्री बघायला पाहिजे.

"होय," मी म्हटलं, "माझंच चुकलं."

आणि मीही हसलो. रूपजीने किक मारली, लिव्हर ओढलं, गिअर टाकला. आवाज आला नाही. वेवजीच्या रस्त्याला वळेपर्यंत त्याची गाडी दिसत होती, मग मी हात पुसले आणि पुढची गाडी आत घेतली.